बाकी एक

गुलटेकडीच्या आमच्या शाळेत
दुसरीला पोरं चौतीस,
टॅब आले अकरा.
पहिला तास थर्माकोल फोडण्यातच गेला.
मग मी फळ्यावर भागाकार मांडला:
एका टॅबला तिघं,
बाकी एक.

बाकी कोण, ते हजेरीच्या क्रमाने ठरतं.
बाकीने माझ्या टेबलाशी बसायचं
चिंचोक्यांचा डबा घेऊन.

खोटं कशाला बोलू,
टॅब माझ्यापेक्षा सोशिक आहे.
समर्थ बिरादार वर्षभर माझ्यासमोर
सातापुढे गेला नव्हता.
काचेपाशी तो ओठातल्या ओठात
एकोणतीसपर्यंत पोचला.
चुकलं की तिथला हत्ती नुसते कान हलवतो,
घड्याळाकडे बघत नाही.
मी बघते.
मला कात्रजची बस गाठायची असते.

बोटांचं मात्र नव्याने शिकावं लागलं.
खिचडी खाल्लेलं बोट काचेला कळत नाही.
विराज पान उलटायच्या सवयीने
आधी बोट जिभेला लावतो,
मग सफरचंदं जागची हलत नाहीत,
मग तो टॅबलाच दटावतो, माझ्या आवाजात.

मंगळवारी बाकी होती अल्फिया तांबोळी.
पहिल्या बाकावरच्या हत्तीने विचारलं,
सात सफरचंदं, दोन मुलं, सारखी वाटा.
खाली तीन गोल: दोन, तीन, चार.
तिघांची जुंपली, तीन की चार,
आणि डब्यातून मान वर न काढता
अल्फिया म्हणाली,
साडेतीन.

म्हटलं, ये, करून दाखव.
तिने सहा ओढली,
तीन इकडे, तीन तिकडे.
सातव्यावर दोन्ही अंगठे टेकवले
आणि पिकला पेरू उकलावा
तसे बाजूला फाकवले.
सफरचंद मोठं झालं.
पुन्हा फाकवले.
आणखी मोठं.
अख्खी काच लाल, देठ कुठल्या कुठे.

"मोडत नाही बाई," ती म्हणाली,
"नुसतं फुगतंय."

हत्तीने कान हलवले.
पुन्हा प्रयत्न कर.

मारणेमामा मस्टर घेऊन दारात उभे होते.
औट दुणे सात, म्हणाले,
जसं कोणी वेळ सांगावी,
आणि मस्टर ठेवून गेले.
"कोण औट? कोण औट?"
मागच्या बाकावरून गलका झाला.

अल्फिया जागेवर जाऊन बसली होती.
डब्याच्या तळाशी काही फोडलेले चिंचोके आहेत,
मागच्या वर्षीच्या पोरांनी
खेळायला फरशीवर घासून केलेले.
तिने तीन अख्खे मांडले आणि एक अर्धा,
पांढरं पोट वर करून.
शेजारी पुन्हा तीन
आणि अर्धा.
मग दोन्ही वाटण्या गोळा करून
डबा खुळखुळवला.

सुट्टीनंतर अहवाल उघडला:
अल्फिया तांबोळी. प्रयत्न एक. बरोबर शून्य.
ही ओळ मला खोडता येत नाही.
बाणेरला केदारला फोन लावला,
हे सगळं त्याच्या टीमने बनवलंय.
"पण मॅडम, दुसरीला अपूर्णांक नाहीत ना."
नाहीत. बरोबर आहे त्याचं.
मुहूर्तसुद्धा साडेतीन मोजणाऱ्या भाषेत
दुसरीला अपूर्णांक नाहीत.
मग मी त्याला समर्थचं सांगितलं.
तो क्षणभर गप्प झाला,
म्हणाला, "एकोणतीस? खरंच?"
आणि मलाच गहिवरून आलं, फुकट.

बस तर गेलीच होती.
टॅब चार्जिंगला लावले.
बोर्डाला भोकं सहा.
सहा लागले, पाच तसेच
टेबलावर पालथे, एकावर एक.
ते रात्री मारणेमामा बदलून लावतात,
फेरी मारता मारता,
कोणी सांगितलेलं नसताना.

बाहेर मार्केट यार्डात कांद्याचे ट्रक लागत होते.
उद्या हजेरीत अल्फियानंतर
आयुष तुपे.
त्याने आजच विचारून ठेवलंय,
बाई, उद्या बाकी मीच ना?